अडीच ग्रॅम

त्या शनिवारी संध्याकाळी मी दोन गोळ्या टेबलावर उभ्या केल्या आणि त्यांतली नको ती निवडली. एवढंच घडलं असतं तर तिला चूक म्हणता आलं असतं, आणि चूक कुणाच्या हातून होत नाही? पण पुढचे चार दिवस मी जे केलं त्याला काय म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून जसं झालं तसं सांगतो. मला सजवून सांगता येत नाही आणि सजवून सांगणाऱ्यांचा मला रागही येतो.

१९६९ सालचा डिसेंबर होता. मी दापोडीत रेल्वेलाइनजवळ दोन खोल्यांत राहत होतो आणि पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमच्या तपासणी खोलीत कामाला होतो. दुसऱ्यांनी केलेलं मोजायचं आणि त्यात काय चुकलं ते सांगायचं, हे माझं काम. बारा वर्षं हेच केलं की माणसाचा स्वभावही तसाच होतो. माझी बायको नीलिमा म्हणायची, आमटीत मीठ किती कमी पडलं ते तुम्ही रोज सांगता, चांगली झाली हे कधी सांगत नाही.

भैरू आमच्याच खात्यात ग्राइंडिंग मशीनवर होता. चाकणच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी त्याची वाडी. आठवडाभर तो भोसरीला भावकीतल्या कुणाकडे राहायचा आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.नं घरी जायचा. सगळ्या खात्यात त्याचाच जॉब मी पुन्हा न मोजता पास करायचो. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याला ते कळलं असावं. कारण माझ्या फटकळ बोलण्यावर न चिडणारा तो एकटाच होता.

वाडीवर रानडुकरांचा उच्छाद होता. बटाट्याच्या वावरात एक कळप रात्रीत शिरला की सकाळी नांगरल्यासारखी जमीन दिसायची. माझ्याकडे मामांची रायफल होती, तीनशे पंधरा बोअरची. मामा जंगलखात्यात होते. ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. म्हणून भैरू मला हाक्याला, रान उठवून करायच्या शिकारीला, बोलवायचा. आदल्या वर्षी एक थोराड डुक्कर माझ्यासमोर आलं, मी खांद्यावर गोळी घातली आणि ते रक्त सांडत निघून गेलं. मऊ नाकाची गोळी होती. डुकराच्या खांद्यावर ढालीसारखी जाड कातडी असते, वर चिखलाचं आणि राळेचं लिंपण. तिथंच ती गोळी फुटली. सोमवारी कंपनीच्या कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं की शरदरावांच्या गोळीनं डुकराला खाजवून दिलं. सगळे हसले. मीही हसलो, आणि वर्षभर ते विसरलो नाही.

तर त्या शनिवारी माझ्यासमोर दोन जातींची काडतुसं होती. एक पुण्याच्या कॅम्पातल्या दुकानातून परवान्यावर मिळालेली, मऊ नाकाची. तिच्या टोकाला शिसं उघडं असतं. जनावराला लागली की पसरते, आतच थांबते. दुसरी मामांच्या पेटीतली जुनी, कठीण गोळी. पूर्ण पोलादी पत्र्याच्या कवचात, वर निकेलचा मुलामा. पसरत नाही, सरळ जाते. वजन दोन्हींचं सारखंच, दोनशे चव्वेचाळीस ग्रेन. मी प्रत्येक जातीची एक गोळी काडतुसातून उपटून कंपनीच्या लॅबमध्ये तोलली होती. पंधरा पूर्णांक आठ ग्रॅम.

माझा हिशेब सोपा होता. वजन सारखं असेल तर जी पसरत नाही ती खोल जाणार. आम्ही टूलरूमची माणसं कठीणपणाला मान देतो. ड्रिल मऊ निघालं तर आम्ही ते फेकून देतो. जे पोलादात शिरतं ते चांगलं, एवढं साधं आमचं शास्त्र. मी कठीण गोळीला लोहचुंबक लावून कवच खरोखर पोलादाचं आहे याची खात्री केली, पाच काडतुसं निवडून पिशवीत ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या बैलाची शिक्षा दुसऱ्याला व्हायची होती.

रविवारी सकाळी वाडीत पोचलो तेव्हा भैरूचा चुलता कोंडाजी ओसरीवर उन्हाला बसला होता. तरुणपणी त्यानं ठासणीच्या बंदुकीनं अख्खा डोंगर राखला होता. आता डोळ्यांत मोतीबिंदू. त्यानं हात पुढं केला आणि गोळी मागितली. मी काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं अंगठ्यानं टोक चाचपलं, दोनदा.

"ही हाक्याला घालू नगा," तो म्हणाला. "मऊ गोळी जनावराच्या अंगातच मरती. ह्या गोळीला घर न्हाई. जनावराच्या पल्याड माणसं असत्यात."

मी त्याला कवच, कठीणपणा, खोली वगैरे समजावून सांगितलं. आवाज चढवून नाही, पण लहान पोराला सांगतात तसं. त्यानं मान हलवली आणि काडतूस परत दिलं. डोळे गेलेल्या म्हाताऱ्यापुढं मी माझी हुशारी पाजळली, हे आठवलं की आजही मला माझ्या तोंडात मारावीशी वाटते.

हाका सुरू झाला. वीसेक माणसं डबे वाजवत ओढ्यातून वर आली. भैरू माझ्या उजव्या बाजूला, उतारावर, डुक्कर कडेनं निसटू नये म्हणून उभा होता. डुक्कर करवंदीतून निघालं, माझ्याकडे यायचं ते मध्येच वळलं आणि भैरूच्या अंगावरून गेल्यासारखं गेलं. भैरू उडी मारून बाजूला पडला. डुक्कर त्याच्यापासून दहा-बारा हात पुढं गेल्यावर मी गोळी झाडली. माझ्या आणि भैरूच्या रेषेत ते नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. डुकराच्या मागं गोळी उलट परतवेल असा एक काळा खडक होता, तो मात्र मी पाहिला नव्हता.

डुक्कर पंधरा पावलांवर कोसळलं. सगळे ओरडत धावले. भैरू उठला, हसला आणि पुन्हा बसला. त्याच्या धोतरावर मांडीपाशी रक्त येत होतं.

"सुळा लागला वाटतं," तो म्हणाला.

सगळ्यांनी तेच म्हटलं. डुक्कर त्याच्या अंगाला घासून गेलं होतं, दहा जणांनी पाहिलं होतं. दुसरं काय असणार? मी वाकून धोतर बाजूला केलं. मांडीच्या बाहेरच्या अंगाला एक भोक होतं, बोराएवढं. सुळा फाडतो, ही जखम फाटलेली नव्हती. मी मांडीच्या दुसऱ्या अंगाला हात फिरवला. तिथं काही नव्हतं. मग मी डुकराजवळ गेलो आणि त्याचे सुळे पाहिले. चिखल होता, रक्ताचा थेंब नव्हता.

हातच्या काकणाला आरसा कशाला? पण मी आरसा शोधायला लागलो. मी स्वतःला सांगितलं की गोळी कठीण आहे. ती मांडीत शिरली असती तर पलीकडून बाहेर पडली असती. पडलेली नाही, म्हणजे ती शिरलीच नाही, म्हणजे हा सुळाच. सकाळी कोंडाजीला जे शास्त्र शिकवलं तेच दुपारी मी ढालीसारखं पुढं धरलं.

आम्ही भैरूला बैलगाडीतून चाकणच्या रस्त्यापर्यंत आणि तिथून एका टेंपोतून खेडला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं? चार जण एकदम म्हणाले, डुक्कर. डॉक्टरांनी माझ्याकडेही पाहिलं, बहुतेक मी पँट घातलेला एकटाच होतो म्हणून. मी म्हणालो, हो, डुक्कर. त्यांनी जखम धुतली, औषध भरलं, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि ताप आला तर परत आणा म्हणून सांगितलं.

मला भीती वाटत होती. पोलिसांची, परवान्याची, नोकरीची. खटला झाला असता तर कंपनीनं मला एक दिवसही ठेवलं नसतं. पण त्याहून जास्त भीती कँटीनची होती, हे लिहायला लाज वाटते. दुसऱ्यांच्या चुका मोजणाऱ्या माणसाची चूक अख्खं खातं मोजणार होतं.

सोमवारी भैरू कामावर आला नाही. फोरमननं विचारलं तेव्हा मी सांगितलं की रानडुकरानं मारलं, चार दिवसांत येईल. मग मी पोट दुखतंय म्हणून दुपारनंतरची रजा घेतली. मोजमापाच्या डायल गेजच्या स्टँडला चुंबकी पाया असतो, मुठीएवढा, चांगली ओढ असलेला. तो मी डब्याच्या पिशवीत घालून गेटबाहेर काढला. बारा वर्षांत मी कंपनीची टाचणी घरी नेली नव्हती.

माझं म्हणणं असं होतं की गोळी जर डोंगरात सापडली, तर ती भैरूच्या मांडीत नाही. आणि मांडीत नसेल, तर मला कुणालाही काहीही सांगायची गरज नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी चाकणला उतरून तीन मैल चाललो, गावाला वळसा घालून, कुणी पाहू नये म्हणून. जिथं डुक्कर होतं तिथून सुरुवात करून मी चुंबक दोरीला बांधून गवतातून, मुरमातून ओढत नेला. त्याला काळी रेती चिकटायची, मी पुसायचो, पुन्हा ओढायचो. गुडघे सोलले. देवाला मी एरवी फारसं विचारत नाही, त्या दिवशी विचारलं.

काळ्या खडकाशी चुंबकाला काहीतरी टचकन चिकटलं. कवच होतं. टोकापासून बुडापर्यंत फाटलेलं, केळ्याच्या सालीसारखं उलगडलेलं, आत थोडं शिसं अडकलेलं. खडकावर राखाडी चट्टा होता. जुन्या मालाचं ते कवच डुकराच्या हाडावरच फाटलं होतं आणि खडकावर आपटून गोळीच्या चिंध्या झाल्या होत्या. माझी कठीण गोळी धड कठीणही राहिली नव्हती.

मी ते मुठीत धरलं आणि रडलो. आनंदानं. सापडलं, सापडलं, असं मी मोठ्यानं म्हणालो. मग उठता उठता मला कळलं की कवच रिकामं आहे, आणि आतलं शिसं कुठं गेलं ते मला माहीत नाही.

मंगळवारी सकाळी लॅबच्या तराजूवर ते कवच सहा पूर्णांक एक ग्रॅम भरलं. पंधरा आठातून सहा एक वजा केले. नऊ पूर्णांक सात ग्रॅम शिसं बाकी. ते डुकरात असू शकत होतं. हाड फोडताना बरंचसं मांसात राहिलं असणारच. आणि डुक्कर तर बावीस घरांत वाटलं गेलं होतं.

वाडीत शिकारीचे वाटे घरटी पडतात. हाक्याला आलेल्याचा एक वाटा, बंदूकवाल्याचा डोक्याकडचा, आणि ज्याला इजा झाली त्याच्या घरी दुप्पट. रविवारी मी माझा वाटा घेतला नव्हता; बामणाघरी शिजत नाही म्हणून लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मंगळवारी दुपारी मी दारोदार गेलो आणि विचारलं, मटणात शिशाचा खडा लागला का? कुणी कारण विचारलं तर सांगायचो की शिसं विषारी असतं, पोराबाळांच्या पोटात जायला नको. यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर ते सहज बोलता आलं.

लोकांनी मला दुवा दिली. एवढ्या लांबून, काम सोडून, आमच्या पोरांच्या काळजीनं आलात, असं एक म्हातारी म्हणाली आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. एकीनं चुलीपाशी ठेवलेला तुकडा पदराला पुसून दिला. एका घरी परड्यात फेकलेली हाडं होती, ती मी मागून घेतली आणि आडोशाला बसून चाकूनं खरवडली. कुत्र्यानं पळवलेल्या एका हाडामागं मी ओढ्यापर्यंत धावलो. मी, ज्याच्या टेबलावर धूळ पडलेली चालत नसे.

शेवटी एकच घर राहिलं. दुप्पट वाटा तिथंच गेला होता.

भैरूची बायको केसरबाई चुलीपुढं होती. मला पाहून तिनं पदर सावरला आणि पाट मांडला. भैरू आतल्या खोलीत होता, त्याला सकाळपासून हिव भरून ताप होता. त्यानं आतून विचारलं, कोण हाय? ती म्हणाली, शरदराव आलेत, तुमाला बघाया. मी आत गेलो. त्याचे डोळे लाल झाले होते. मांडी फडक्यानं बांधलेली होती आणि फडक्याच्या वर सूज गुडघ्यापासून कमरेकडे चढलेली दिसत होती. तो म्हणाला, तुमी कशाला तरास घेतला, दोन दिसांत येतो मशीनवर. मी म्हणालो, डॉक्टरकडे परत जायला हवं. तो म्हणाला, उद्या जातो.

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत तो आणि मी, दोघंच होतो. माझ्या खिशात आगपेटीत शिशाचे खडे होते आणि मला ते लॅबमध्ये नेऊन तोलायचे होते. आधी तोलू, मग पाहू, असं मी ठरवलं. तराजू काय सांगतो ते कळल्याशिवाय मी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

बाहेर आलो तर केसरबाईनं ताटात भाकरी आणि कालवण वाढलं होतं. खडा सापडला न्हाई भाऊजी, ती म्हणाली, पण निम्मं मटण अजून मडक्यात हाय, तुमी खाता खाता बघा. "तुमी मारलंत आन् तुमीच चाखलं न्हाई," असंही म्हणाली. मी जन्मात मांस खाल्लं नव्हतं. मी बसलो आणि खाल्लं. एकेक घास दातांनी चाचपत, शिसं लागावं म्हणून प्रार्थना करत, आणि आत भैरू कण्हत होता. दोनदा दाताखाली कण आला. तो बोटांनी काढून आगपेटीत टाकला. केसरबाई म्हणाली की सावकाश खावा, मुलखाचं चालून आलाय.

बुधवारी सकाळी बावीस घरांचं शिसं पाच पूर्णांक दोन ग्रॅम भरलं. साडेचार ग्रॅम कमी होते. मी कागदावर तीनदा बेरीज केली. मग खडकावरचा चट्टा आठवला. त्याचं वजन कुणी धरलं होतं? मी पुन्हा रजा टाकली. फोरमन वाकडं बोलला, मी ऐकलं नाही. दुपारी मी त्या खडकापुढं बसून चट्टा चाकूनं खरवडत होतो, खाली रुमाल पसरला होता. लॅबच्या काट्यावर ते पुढं बरोबर दोन ग्रॅम भरलं. म्हणजे अडीच ग्रॅम उरतातच. पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी कुत्र्याच्या पोटात गेलं, कुणी गिळलं, गवतात उडालं, असं काहीतरी काढलंच असतं. मी थांबलो नसतो. मला कुणीतरी थांबवावं लागलं.

काठीचा आवाज आला. कोंडाजी चाचपत वर आला होता. त्यानं मला विचारलं नाही की मी कोण. चाकूचा खरखर आवाज त्याला लांबूनच आला असणार.

"काय हुडकताय?" तो म्हणाला.

मी चाकू थांबवला.

"मला दिसत न्हाई. पर नाक हाय," तो म्हणाला. "भैरूच्या पायाला वास याया लागलाय."

मी रुमाल तिथंच टाकून धावलो असतो तर बरं झालं असतं. मी आधी रुमालाची गाठ मारून तो खिशात ठेवला, मग धावलो.

तो वास मला अंगणातच आला. मांडी वरपर्यंत टम्म झाली होती, कातडीवर काळसर निळे डाग, आणि बोटानं दाबलं की आत हवा असल्यासारखं कुरकुरायचं. भैरू बडबडत होता. गावातल्या चौघांनी बाजेवर घालून त्याला रस्त्यापर्यंत आणलं, बटाट्याचा ट्रक थांबवला. खेडच्या डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि ते एक पाऊल मागं सरले. डुकराच्या सुळ्यानं एवढं कसं झालं, असं ते स्वतःशीच म्हणाले.

"सुळा नाही," मी म्हणालो. "त्याच्या मांडीत गोळीचा तुकडा आहे. माझ्या रायफलच्या."

केसरबाई बाजेचा पाय धरून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला शब्द कळले पण अर्थ लागला नाही, असं मला वाटलं. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हे रविवारी सांगितलं असतं तर मी मांडी उघडून तुकडा काढला असता. घाण आत कोंडून मी वरून टाके घातले." मग ते पुण्याला फोन जोडायला लागले. लाइन लागत नव्हती, म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून त्याच ट्रकनं आम्हाला पुढं पाठवलं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गुरुवारी पहाटे भैरूचा पाय मांडीपासून वर, अगदी खुब्याजवळ कापला. सर्जननं मला नंतर एका ताटलीत दाखवलं. शिशाचा वाकडा तुकडा, त्याला चिकटलेले डुकराचे राठ केस आणि धोतराच्या सुताची एक गुंडाळी. सूत आणि केस आतमध्ये सडले, ते म्हणाले. एकटं शिसं इतक्या लवकर काही करत नाही. तुकडा पोलिसांकडे गेला. त्याचं वजन मी विचारलं नाही.

पोलिसांना मी सगळं सांगितलं, म्हणजे गोळी माझी होती हे. त्यांनी रायफल ताब्यात घेतली. पुढं परवाना गेला, दंड झाला, नोकरी कशीबशी राहिली. पण ते नंतरचं. मला हे कधी कळलं, ते पोलिसांनी विचारलंच नाही. आपणहून सांगायचं मी टाळलं.

नवव्या दिवशी भैरू शुद्धीत राहून बोलण्याइतका झाला, असा निरोप आला. मी मोसंबी घेऊन गेलो. रिकाम्या हातानं जाववत नव्हतं, एवढंच. जनरल वॉर्डात खिडकीजवळची खाट. पांघरूण एका बाजूनं सपाट होतं. मी तिकडं पाहायचं नाही असं ठरवून गेलो होतो आणि पहिली नजर तिथंच गेली. केसरबाई स्टुलावरून उठली आणि तिनं मला बसायला दिलं. तिनं उठू नये, असं मला वाटत होतं.

भैरूचा चेहरा अर्धा झाला होता. तरी तो हसला. कंपनीतलं विचारलं. त्याच्या मशीनवर कोण आहे, चाक नीट घासून घेतो का, फोरमन काय म्हणतो. मी सांगत होतो. मग त्यानं केसरबाईला पाणी आणायला सांगितलं, ती गेली नाही, तिथंच उभी राहिली.

"पोलीस आलं हुतं," भैरू म्हणाला. "म्या त्यांस्नी सांगितलं. शरदरावांची गोळी लागली, पर त्येंला ठावं नव्हतं. त्येंला म्हाईत असतं तर त्येंनी पहिल्याच दिशी सांगितलं असतं. माझी तक्रार न्हाई म्हणून अंगठा बी दिला."

मी मोसंब्यांची पिशवी खाटेखाली सरकवली.

"हिला पटंना," तो केसरबाईकडे पाहत म्हणाला. "ही म्हणती, मंगळवारी ते घरोघर शिसं मागत हुते. म्या म्हणलं, पोरांच्या काळजीनं. बारा वर्सं वळखतो त्येंला. दुसऱ्याचं सूतभर चुकलं तर तोंडावर सांगणारा माणूस. आपलं लपवंल का?" तो थोडा थांबला, त्याला धाप लागली होती. "तुमीच सांगा हिला. खरं हाय न्हवं?"

हो म्हटलं असतं तर ते तिथंच मिटलं असतं. त्यानं ते माझ्यासाठी आधीच लिहून, अंगठा उठवून ठेवलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. त्यालाही तेच हवं होतं, हे मला दिसत होतं. पाय गेला होता, निदान माणूस तरी राहावा, एवढंच तो मागत होता. आणि ते मी त्याला देऊ शकलो नाही. चांगुलपणानं नव्हे. केसरबाई माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या पाहण्यापुढं माझी मान हलेना.

"नाही भैरू," मी म्हणालो. "मला रविवारीच कळलं होतं. तिथंच, डोंगरात."

शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत होता. केसरबाईनं पदर तोंडाला लावला. भैरू माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर मी तो घेतला असता. त्याला फक्त समजून घ्यायचं होतं.

"मंग चार दिस काय करत हुता?" त्यानं विचारलं.

"वजन करत होतो," मी म्हणालो.